गोबरगॅसच्या टाकीतला हायड्रोजन, पऱ्हाटीचा कोळसा आणि लोखंडाचे कण

गोबरगॅसच्या प्रत्येक टाकीत रोज हायड्रोजन तयार होतो. तो बाहेर मात्र येत नाही. शेण, खरकटं, काडीकचरा कुजवणारे जिवाणू तो सोडतात आणि त्याच टाकीतले दुसरे सूक्ष्मजीव तो जागच्या जागी खाऊन त्याचा मिथेन करतात. काटोलला माझ्या मामांच्या घरामागे असा गोबरगॅस होता. सुट्टीत गेलो की मामी त्या निळ्या ज्योतीवर चहा ठेवायची. त्या ज्योतीतल्या मिथेनपैकी जवळपास एक-तृतीयांश आदल्या दिवशी हायड्रोजन होता, हे मला पुढे रसायनशास्त्र शिकताना कळलं.

तो हायड्रोजन खाल्ला जाण्याआधीच काढून घेता आला तर? जैवहायड्रोजनाचं सगळं संशोधन या प्रश्नापासून सुरू होतं. अलीकडे त्यात नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, आणि कोळसा यांची भर पडली आहे. बातम्यांमध्ये ‘नॅनो’ हा शब्द आला की पुढचं वाचायचं सोडून देणारे पुष्कळ आहेत. मी नागपुरात ज्युनियर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते आणि मला हा विषय मनापासून आवडतो. याचं कारण असं की यात लागणाऱ्या बहुतेक वस्तू आपल्या विदर्भात पायाशी पडलेल्या आहेत.

आधी हायड्रोजनच का, ते थोडक्यात. तो जळला की पाणी होतं, धूर होत नाही. किलोच्या हिशोबात त्याच्यात पेट्रोलच्या पावणेतीन पट ऊर्जा असते. पण आज जगात वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून काढतात. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेने पाण्याचं विघटन करून काढायचा तर किलोमागे पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य त्यात आहे आणि त्याचा मुख्य भर विजेच्या मार्गावरच आहे. हरित हायड्रोजनाच्या सरकारी व्याख्येत जैवभारापासून (काडीकचरा, शेण वगैरे) काढलेला हायड्रोजनही बसतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

जिवाणूंच्या मार्गाला वीज जवळजवळ लागत नाही. ऊनही लागत नाही, म्हणून त्याला डार्क फर्मेंटेशन म्हणतात, म्हणजे अंधारातलं आंबवणं. टाकीतला गाळ घ्यायचा आणि अर्धा-एक तास उकळायचा. मिथेन करणारे सूक्ष्मजीव उकळीने मरतात. (शास्त्रानुसार ते जिवाणूही नव्हेत, आर्किया नावाचा वेगळाच वंश आहे.) क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू मात्र बीजाणू करून तग धरतात. ज्वारीचा दाणा उन्हाळाभर कणगीत पडून राहतो आणि पाऊस पडला की उगवतो, तसे हे बीजाणू गाळ थंड झाल्यावर पुन्हा जागे होतात. मग टाकी 35 ते 37 अंशांवर आणि थोडी आंबट, म्हणजे पीएच साडेपाचच्या आसपास ठेवायची. साखर, स्टार्च, फळांचा चोथा असं काही खायला दिलं की काही तासांत बुडबुडे येऊ लागतात. त्या वायूत हायड्रोजन साधारण तीस ते साठ टक्के असतो, बाकीचा मुख्यतः कार्बन डायऑक्साइड.

स्लॅबवरची घमेली

जिवाणू हायड्रोजन का सोडतो? आपल्यासाठी नक्कीच नाही. ग्लुकोज मोडलं की ऊर्जा मिळते, पण सोबत इलेक्ट्रॉन मोकळे होतात. आपण ते श्वासातल्या ऑक्सिजनच्या हवाली करतो. टाकीत ऑक्सिजन नाही. इलेक्ट्रॉन कुठे तरी टाकले नाहीत तर जिवाणूचं सगळं काम तुंबतं. म्हणून तो ते पाण्यातल्या प्रोटॉनना देतो. दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन एकत्र आले की हायड्रोजनचा एक रेणू झाला. जिवाणूच्या दृष्टीने ही उरलेल्या मालाची विल्हेवाट आहे.

स्लॅब टाकताना मजुरांची रांग डोळ्यांसमोर आणा. खालून वरपर्यंत घमेली हातोहात जातात. रांगेतला एक जण पाणी प्यायला गेला की खालची माणसं भरलेलं घमेलं धरून उभी राहतात. पेशीत इलेक्ट्रॉन असेच हातोहात जातात. त्या रांगेत फेरेडॉक्सिन नावाचं एक छोटं प्रथिन आहे. 1962 मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं तेही क्लॉस्ट्रिडियम पाश्चुरियानम या हायड्रोजन करणाऱ्या जिवाणूतूनच. त्याच्यात लोखंडाचे आठ अणू असतात. इलेक्ट्रॉन धरतात आणि सोडतात ते हे अणू. रांगेच्या शेवटी हायड्रोजनेज हे एन्झाइम उभं असतं. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनची गाठ तेच घालून देतं. 1998 मध्ये याच जिवाणूच्या हायड्रोजनेजची रचना अणू-अणूने उलगडली, तेव्हा त्या एका रेणूत लोखंडाचे वीस अणू सापडले.

हायड्रोजनेज हे नाव दिलं केंब्रिजच्या मार्जरी स्टीफन्सन आणि लेनर्ड स्टिकलंड यांनी, 1931 मध्ये. पुढे 1945 साली रॉयल सोसायटीने पहिल्यांदा स्त्रियांना फेलो म्हणून घेतलं, त्या पहिल्या दोघींपैकी एक स्टीफन्सन होत्या. वर्गात मी हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

आता लोखंड कशाला, हे कळलं असेल. रांगेतल्या मजुरांचे हात लोखंडाचे आहेत. खाद्यात लोह कमी पडलं की जिवाणू फेरेडॉक्सिन आणि हायड्रोजनेज पुरेसं बनवू शकत नाही. मग घमेली दुसऱ्या वाटेने वळतात, लॅक्टिक आम्ल आणि अल्कोहोल वाढतं आणि हायड्रोजन घटतो.

छत कुठे आहे

नॅनोकणांकडे जाण्याआधी एक आकडा पक्का करून घेऊ, कारण तो माहीत नसला की पुढच्या कुठल्याही दाव्याने माणूस हुरळून जातो.

मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरावीक माप. ग्लुकोजचा एक मोल 180 ग्रॅम भरतो, हायड्रोजनचा 2 ग्रॅम. त्याचं पूर्ण विघटन झालं तर पाण्यासकट हिशोब धरून हायड्रोजनचे 12 मोल मिळायला हवेत. पण अंधारातल्या आंबवण्यात जिवाणूला स्वतः जगायचं असतं. तो साखर अर्धवट मोडतो आणि उरलेला भाग आम्लांच्या रूपात सोडून देतो. ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल सोडलं तर जास्तीत जास्त 4 मोल हायड्रोजन मिळतो. ब्युटिरिक आम्ल, म्हणजे खवट लोण्याच्या वासाचं आम्ल सोडलं तर फक्त 2. प्रत्यक्षात दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात. जिवाणूची स्वतःची वाढ असते, गळती असते. त्यामुळे बहुतेक टाक्या एक ते अडीच मोलांच्या मध्ये कुठे तरी असतात.

म्हणजे 180 ग्रॅम ग्लुकोजमधून फार फार तर 8 ग्रॅम हायड्रोजन. आकारमानाने तो 98 लिटर भरतो, ऐकायला भरपूर वाटतो. ऊर्जेत मोजला तर एका युनिटच्या पाव भागाहून किंचित जास्त.

हे 4 मोलांचं छत जिवाणूच्या चयापचयाचं आहे. कोळसा टाका, लोखंड टाका, सोनं टाका, ते हलत नाही. नॅनोकणांनी साधतं ते वेगळं. दीड मोलावर रेंगाळणारी टाकी छताच्या थोडी जवळ सरकते आणि तिथे लवकर पोचते. यात मला कमीपणा वाटत नाही. मात्र ‘नॅनोने क्रांती’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, मोलामागे किती?

“मग खिळेच टाकू ना!”

गेल्या वर्षी वर्गात हे सांगत होते, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, लोखंडच पाहिजे ना? मग खिळे टाकू ना!” वर्ग हसला. मला मात्र तो त्या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रश्न वाटला आणि आम्ही फळ्यावर हिशोबच मांडला.

दोन मिलिमीटर जाड आणि चार सेंटिमीटर लांब खिळा वजनाला जवळपास एक ग्रॅम भरतो. त्याचा पृष्ठभाग अडीच चौरस सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. तेच एक ग्रॅम लोखंड पन्नास नॅनोमीटरच्या गोळ्यांमध्ये वाटलं तर? नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. जिवाणू साधारण हजार-दोन हजार नॅनोमीटर लांब असतो, म्हणजे हा कण जिवाणूपुढे हत्तीपुढच्या नारळाएवढा. अशा कणांचा मिळून पृष्ठभाग होतो पंधरा चौरस मीटर. दहा बाय सोळा फुटांच्या खोलीची फरशी. साठ हजार पट.

खडीसाखर आणि पिठीसाखर यांच्यात जो फरक, तोच हा. लोखंडावरची सगळी देवघेव त्याच्या पृष्ठभागावर होते. पृष्ठभाग वाढला की लोह बारीक धारेने पाण्यात उतरत राहतं आणि जिवाणूला हवं तेव्हा मिळतं. शिवाय धातूरूप लोखंड टाकीत चुकून शिरलेला ऑक्सिजन ओढून घेतं. क्लॉस्ट्रिडियमला आणि त्याहून जास्त हायड्रोजनेजला ऑक्सिजन वर्ज्य आहे, त्यामुळे हा पहारा फार कामाचा.

“मग नुसती भुकटी टाकू,” असा पुढचा प्रश्न लगेच आला. तसं करून पाहिलेलं आहे. अडचण अशी की हे कण एकमेकांना चुंबकासारखे चिकटून त्यांचे गोळे होतात आणि साठ हजार पटीतला बराचसा फायदा गोळ्यात दडून जातो. उघड्या हवेत ते इतक्या वेगाने गंजतात की कोरडी भुकटी आपोआप पेट घेऊ शकते. टाकीत टाकले तर वाहत्या पाण्याबरोबर निघूनही जातात. त्यांना धरून ठेवणारं, एकमेकांपासून दूर ठेवणारं काही तरी हवं.

इथे कोळसा लागतो.

पऱ्हाटी

कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उभी राहते. ती काढून टाकलीच पाहिजे, नाही तर गुलाबी बोंडअळी तिच्यात मुक्काम करते. आपल्याकडे ती चुलीत जाते किंवा धुऱ्यावर ढीग करून पेटवली जाते. कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था नागपुरात आहे, कापसाचा पट्टा भोवतीच आहे आणि पऱ्हाटी अजून ‘जाळून टाकायची वस्तू’ आहे, याचं मला वाईट वाटतं.

हीच पऱ्हाटी जवळपास हवा न लागू देता 400 ते 700 अंशांवर भाजली की बायोचार होतो. कोरड्या वजनाच्या साधारण पाव ते एक-तृतीयांश कोळसा उरतो. लोणारी कोळसा पाडायची जुनी पद्धत मुळात हीच. तुराट्या, धानाचा कोंडा, नारळाची करवंटी, सगळ्यांपासून तो होतो. पण पऱ्हाटी लाकडासारखी टणक असल्याने तिचा कोळसा टाकीत लवकर विरघळून चिखल होत नाही.

लोखंड त्यावर चढवायची रीत ऐकायला सोपी आहे. लोहाच्या क्षाराच्या पाण्यात कोळशाची भुकटी भिजत घालायची. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, हा त्यातला सगळ्यात स्वस्त क्षार; शेतकरी तो संत्र्याच्या झाडांना लोहाची कमतरता पडली की फवारतात. मग वाळवून पुन्हा हवाबंद तापवायचं. साधारण पाचशे अंशांपर्यंत लोखंडाचे ऑक्साइड राहतात, त्यातला मॅग्नेटाइट वीज बऱ्यापैकी वाहून नेतो आणि चुंबकाला चिकटतो. सातशेच्या वर गेलं की कोळशातला कार्बन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो आणि निखळ लोखंडाचे कण मागे राहतात. भिलाईच्या झोतभट्टीत कोक जे काम करतो, तेच इथे नॅनोमीटरच्या मापात होतं. कण कोळशाच्या छिद्रांत अडकून बसतात, एकमेकांना भेटत नाहीत, म्हणून त्यांचे गोळे होत नाहीत.

छिद्रांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो इथेच दूर करते. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटर असू शकतो. दहा गुंठे! साध्या बायोचारचा त्याहून बराच कमी. ‘एवढ्या जागेत जिवाणू वस्ती करतात’ असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. ही दहा गुंठ्यांची जागा बहुतेक दोन नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांत असते आणि जिवाणू त्याच्या पाचशे पट लांब आहे. उंदराच्या बिळात म्हैस शिरत नाही. जिवाणू राहतात ते पऱ्हाटीच्या मूळ नळ्यांत, ज्यांतून झाड जिवंत असताना पाणी वर चढत होतं. त्या नळ्या भाजल्यावरही टिकतात आणि जिवाणूंना पुरेशा ऐसपैस असतात. तिथे त्यांचा थर बसतो, टाकीतलं पाणी बदललं तरी ते वाहून जात नाहीत, ही मोठी सोय.

मग बारीक छिद्रं कशाच्या कामाची? ती रेणूंसाठी. आणि त्यासाठी संत्र्याकडे यावं लागेल.

कळमन्याचा चोथा

अंबिया बहराची गळ, कळमन्याच्या बाजारात उरलेली, नासलेली फळं, रसवंत्यांची सालं: नागपूर आणि काटोल-नरखेड पट्ट्यात संत्र्याचा ओला कचरा हंगामात अमाप निघतो. साखर भरपूर असल्याने हायड्रोजनसाठी हा आदर्श माल वाटतो. पण टाकीत नुसता ओतला तर जिवाणू हबकतात.

लहानपणी संत्र्याची साल मेणबत्तीसमोर दाबून ठिणग्या उडवल्या असतील. ते उडणारं तेल म्हणजे मुख्यतः लिमोनीन. झाडाने ते किडी-बुरशी दूर ठेवायला बनवलेलं असतं, आणि ते आपलं काम टाकीतही करतं. जिवाणूच्या पेशीपटलात शिरून ते पटल ढिलं करतं. म्हणून संत्र्याच्या सालीवर आंबवण्याचे प्रयोग करणाऱ्यांना आधी हे तेल काढावं लागतं, नाही तर माल पुष्कळ पातळ करावा लागतो.

कोळशाची बारीक छिद्रं लिमोनीनसारखे तेलकट रेणू धरून ठेवतात. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये कोळसा वास धरतो, ती हीच क्रिया. टाकीतला लिमोनीनचा तडाखा कमी झाला की जिवाणू लवकर रुळतात. काडीकचरा आम्लाने किंवा उष्णतेने फोडताना फुरफुरालसारखे जे विषारी पदार्थ होतात, त्यांनाही कोळसा असाच आवरतो. माझ्या मते नागपूरसाठी कोळशाचा हा उपयोग लोखंडाइतकाच, कदाचित जास्त मोलाचा आहे. सालीतलं तेल आधी गाळून विकता आलं तर आणखी उत्तम. त्याला सुगंधी द्रव्यांत आणि साफसफाईच्या मालात गिऱ्हाईक आहे.

कोळशाचा आणखी एक गुण आजीच्या राखेतला. पऱ्हाटीच्या कोळशात पोटॅशियम-कॅल्शियमची राख असते, ती अल्कधर्मी. टाकीत आम्लं साचून पीएच साडेचारकडे घसरला की हायड्रोजन बंद पडत जातो. राख ती घसरण थोडी रोखते.

विजेच्या वहनाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. कोळसा आणि मॅग्नेटाइट इलेक्ट्रॉन वाहून नेतात, त्यामुळे जिवाणूंना जणू तारच मिळते, असं वर्णन पुष्कळ वाचायला मिळतं. दोन जातींचे जिवाणू थेट एकमेकांना इलेक्ट्रॉन देतात, हे 2010 मध्ये जिओबॅक्टर या जिवाणूंवर दाखवलं गेलं आणि मिथेनच्या टाक्यांत कोळशाने असा फायदा होतो याचा पुरावा चांगला आहे. हायड्रोजनच्या टाकीत घमेल्यांची रांग मात्र पेशीच्या आत आहे आणि कोळसा बाहेर. तिथे बाहेरची तार किती कामाची, यावर मी पैज लावणार नाही. शिवाय 400 अंशांवर भाजलेला कोळसा वीज जवळपास नेतच नाही. त्यासाठी सातशेच्या वर जावं लागतं, आणि तिथे इंधनाचा खर्च वाढतो.

मात्रा

लोखंड वाढवत गेलं तर हायड्रोजन वाढत जातो, एका टप्प्यावर थांबतो आणि मग घसरतो. जवळपास प्रत्येक प्रयोगात आलेखाला हाच उंचवटा दिसतो. जास्त झालेले कण पेशीच्या पटलाला चिकटून त्याला इजा करतात. उंचवटा कुठे येईल, ते कणाचा आकार, कोळसा, जिवाणू आणि खाद्य यावर ठरतं. लिटरला काही मिलिग्रॅमपासून काहीशे मिलिग्रॅमपर्यंत. म्हणून एका ठिकाणचं प्रमाण दुसरीकडे जसंच्या तसं चालत नाही, प्रत्येक मालासाठी पुन्हा शोधावं लागतं.

निकेलचे कणही वापरतात. एन्टेरोबॅक्टरसारख्या जिवाणूंच्या हायड्रोजनेजमध्ये लोखंडासोबत निकेल असतं, त्यांना त्याचा उपयोग होतो. क्लॉस्ट्रिडियमच्या हायड्रोजनेजला निकेल लागत नाही. टाकीतलं उरलेलं पाणी आणि गाळ शेवटी कुणाच्या तरी शेतात जाणार असतो, आणि तिथे निकेल मला नको आहे. लोखंड आपल्या मातीत मुळातच आहे.

आता एक सापळा. धातूरूप लोखंड आंबट पाण्यात स्वतःच गंजून हायड्रोजन सोडतं. एक ग्रॅम लोखंडातून साधारण 440 मिलिलिटर. लिटरला 100 मिलिग्रॅम लोखंड घातलं तर असे 44 मिलिलिटर येतील. दहा ग्रॅम ग्लुकोजवर दोन मोलांच्या दराने जिवाणू 2.7 लिटर देतात, तेव्हा ही भर दोन टक्क्यांहून कमी. पण कुणी लिटरला दोन ग्रॅम लोखंड घालून ‘तीस टक्के वाढ’ सांगत असेल तर ती वाढ जिवाणूची नसून गंजाची असू शकते. म्हणून चांगल्या प्रयोगात निदान चार बाटल्या शेजारी शेजारी असतात. एक काहीच न घातलेली, एक नुसत्या कोळशाची, एक तेवढ्याच लोहाच्या साध्या क्षाराची आणि एक लोखंड चढवलेल्या कोळशाची. जिवाणूच नसलेली पाचवी बाटली असेल तर फारच छान. यातल्या तिसऱ्या बाटलीने चौथीएवढाच वायू दिला तर नॅनोकणांचा खटाटोप कशाला, हिराकस टाका आणि मोकळे व्हा. विज्ञान वाचणाऱ्या प्रत्येकाने ही तिसरी बाटली शोधायची सवय लावावी, असं मी मुलांना सांगते.

खरा फायदा बहुतेक वेळा वेळेत दिसतो. जिवाणूंना रुळायला लागणारे तास कमी होतात. समजा, जे काम चोवीस तासांत व्हायचं ते सोळा तासांत झालं. मग त्याच कचऱ्यासाठी टाकी दोन-तृतीयांश आकाराची पुरते. सिमेंट, पोलाद, जागा सगळं वाचतं. मोलामागची वाढ फारशी नसली तरी एवढ्यासाठी कोळसा परवडू शकतो. लाख लिटरच्या टाकीला लिटरमागे 100 मिलिग्रॅम म्हणजे दहा किलो लोखंड लागेल. कोळशावर दहा टक्के लोखंड चढलं असेल तर शंभर किलो माल. तो चुंबकाने गोळा करून पुन्हा वापरता येतो.

एक टन कचरा

वर्गात शेवटचा हिशोब मुलांनीच केला. एक टन ओल्या कचऱ्यात सहज आंबणारी साखर 100 किलो आहे असं धरलं. दोन मोलांच्या दराने हायड्रोजन निघाला सव्वादोन किलोच्या आत. हायड्रोजनवर चालणारी मोटार किलोमागे साधारण शंभर किलोमीटर जाते. म्हणजे एका टनात नागपूरहून अमरावतीला जायचं आणि येताना अर्ध्या वाटेच्या आतच थांबायचं. मुलं हिरमुसली.

पण टाकीत आम्लं उरली आहेत आणि ऊर्जेचा मोठा वाटा त्यांच्यात आहे. ती आम्लं दुसऱ्या टाकीत, मिथेन करणाऱ्यांच्या हवाली केली तर कागदावरच्या हिशोबाने पहिल्या टाकीतल्या हायड्रोजनच्या चौपट ऊर्जा मिथेनच्या रूपात मिळते. म्हणून मला दोन टाक्यांचीच पद्धत शहाणपणाची वाटते. पहिली छोटी आणि आंबट, तासांचं काम करणारी; दुसरी मोठी आणि निवांत, काही दिवसांचं. पहिलीत आम्लं आधीच होऊन जातात, त्यामुळे दुसरी एकदम आंबून बंद पडण्याची भीती कमी होते. आणि कोळशाच्या ‘तारे’चा पुरावा जिथे भक्कम आहे, ती हीच दुसरी टाकी. तोच कोळसा दोन्हीकडे कामाला येतो.

या विषयावर आपल्या देशात काम बरंच झालं आहे. खरगपूरच्या आयआयटीत देबब्रत दास यांनी एन्टेरोबॅक्टरवर, हैदराबादच्या आयआयसीटीत (भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत) एस. वेंकट मोहन यांनी सांडपाण्यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शेतातल्या अवशेषांपासून हायड्रोजन काढण्याच्या पद्धतीवर काम केलं आहे. आणि सांडपाणी, कचरा या विषयांवर 1958 पासून काम करणारी नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, तर आपल्या नागपुरात नेहरू मार्गावरच आहे.

नागपूरच्या हवेचाही एक हिशोब आहे. एप्रिल-मे मध्ये टाकी 37 अंशांवर ठेवायला काहीच तापवावं लागत नाही, उलट सावली करावी लागेल. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा मात्र टाकीला उष्णता द्यावी लागेल. पऱ्हाटीचा कोळसा पाडताना जी उष्णता वाया जाते, ती तेव्हा कामी येईल. कापसाची वेचणी संपून पऱ्हाटी निघते तीही साधारण त्याच दिवसांत.

घरी हे करू नका, हे मुलांना बजावून सांगितलं. हायड्रोजनला रंग-वास नाही आणि हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेटतो. स्वयंपाकाच्या गॅसची ही मर्यादा साधारण 2 ते 9 टक्के आहे. खिळ्यांचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने तरीही एक गोष्ट केली. दुसऱ्या दिवशी हिंगण्याच्या शेतातून पऱ्हाटीची काडी आणली, आडवी कापली आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. नळ्यांची तोंडं चाळणीसारखी स्पष्ट दिसत होती. त्याने वहीत त्यांची आकृती काढली आणि शेजारी त्याच मापाने जिवाणू दाखवायला पेन्सिलीचा एक ठिपका दिला.